वर्डमध्ये एका पानाची चौसष्ट पाने करताना

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्याच्या कचेरीत काम पाहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रत्येक कामगारासाठी महिन्याचे एक पान, त्यावर वर कामगाराचे नाव, मधे एकतीस दिवसांचा हजेरी आणि उचल यांचा तक्ता व खाली सह्या, असे एक पत्रक त्यांनी वर्डमध्ये तयार केले. कामगार चौसष्ट आहेत, म्हणून तेच पान त्याच फाइलमध्ये चौसष्ट वेळा हवे आहे. कॉपी करून चिकटवत गेल्यावर चौथ्या-पाचव्या पानापासून तक्ता एकेक ओळ खाली सरकू लागतो, मधेच कोरी पाने उगवतात आणि एक ओळ पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडची हुबेहूब प्रत एका कळीसरशी निघते, मग वर्डमध्ये पानाची प्रत काढण्याची आज्ञा नेमकी कुठे दडलेली आहे, असे त्यांचे विचारणे आहे.

ती आज्ञा दडलेली नाही. ती वर्डमध्ये मुळात नाहीच. सोलापुरात अक्षरजुळणीचे आणि छपाईपूर्व मांडणीचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आलो आहे, आणि लग्नपत्रिकांच्या कामातून वर्डकडे आलेला जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा हाच प्रश्न विचारतो, कारण पत्रिकांची मांडणी ज्यात करतात त्या कोरल ड्रॉमध्ये पानाच्या टॅबवर उजवी कळ दाबली की पानाची प्रत काढण्याचा पर्याय समोर येतो. कोरलमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये पान ही स्वतंत्र वस्तू असते, तिच्यावर बाकीच्या गोष्टी ठेवलेल्या असतात. वर्डमध्ये तसे नाही. तेथे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मजकुराचा एकच सलग प्रवाह असतो आणि कागदाची उंची, समास, अक्षराचा आकार व ओळींमधील अंतर यांचा हिशोब करून वर्ड त्याला दर क्षणी नव्याने पानांत तोडत असतो. आपल्या कारखान्यात टॉवेल एकेक सुटा विणला जात नाही. मागावरून सलग कापड उतरते आणि ठरल्या जागी ते कापले जाते. वर्डचे पान हे असे कापण्याच्या जागेवरून ठरते. म्हणून प्रत काढायची ती पानाची नव्हे, तर त्या पानावर येणाऱ्या मजकुराची, आणि त्याबरोबर कापण्याची खूणही बरोबर गेली पाहिजे. आपली अडचण या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी, कारण निम्म्या वेळा प्रत काढण्याची गरजच नसते. कामगारांची नावे हाताने लिहायची असतील आणि बाकी चौसष्ट पाने अगदी सारखी असतील, तर फाइलमध्ये एकच पान ठेवून छापण्याच्या चौकटीत प्रतींच्या रकान्यात चौसष्ट हा आकडा घालावा. लांब फाइलमधील एकच पान हवे असेल तर तेथेच चालू पान छापण्याचा पर्याय असतो. मी एकदा एका ग्राहकाची दोनशे सारख्या पानांची फाइल उघडली होती; ती उघडायलाच इतका वेळ लागत होता की तोपर्यंत चहा पिऊन झाला. छापलेले दोनशे कागद हवे असणे आणि दोनशे पानांची फाइल हवी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याला मात्र प्रत्येक पानावर वेगळे नाव टंकलिखित हवे आहे आणि महिनाभर त्या फाइलमध्ये नोंदी भरायच्या आहेत, असे प्रश्नावरून दिसते. तेव्हा प्रती खरोखरच लागतील. त्यासाठी आधी मूळ पान नीट बांधून घ्यावे. सर्वप्रथम होम टॅबवरील उलट्या ‘पी’सारख्या दिसणाऱ्या चिन्हाची कळ दाबून लपलेली चिन्हे दाखवावीत, कंट्रोल, शिफ्ट आणि आठचा आकडा एकत्र दाबूनही हे होते. बहुतेक वेळा असे दिसते की पुढच्या पानावर जाण्यासाठी कोणीतरी सात-आठ वेळा एंटर मारलेले आहेत. आपला तक्ता ओळीओळीने खाली सरकण्याचे सर्वांत संभवनीय कारण हेच आहे. रिकाम्या ओळींनी ढकललेले पान हे अंदाजावर उभे असते. पहिल्या पानावर तो अंदाज जुळतो, पण एखाद्या नावाने दोन ओळी घेतल्या की पुढच्या सगळ्या पानांवर तितकाच घसारा पडतो आणि तो साठत जातो.

या रिकाम्या ओळी पुसून टाकाव्यात. त्यांच्या जागी कंट्रोल-एंटर दाबून पानतोड घालावी, असे बहुतेक ठिकाणी शिकवले जाते आणि ते चूक नाही. परंतु ती पानतोड स्वतः एक जागा व्यापणारे चिन्ह असते, आणि पान आधीच काठोकाठ भरलेले असेल तर तेच चिन्ह पुढच्या पानावर ढकलले जाऊन एक कोरे पान तयार होते. आपली मधली कोरी पाने बहुधा अशीच जन्मली आहेत. याहून चांगला उपाय असा की पानाच्या पहिल्याच ओळीला, म्हणजे ‘हजेरी व उचल पत्रक’ या शीर्षकाला, पॅराग्राफच्या चौकटीतील ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ या दुसऱ्या टॅबवर जाऊन ‘पेज ब्रेक बिफोर’ हा गुण द्यावा. त्याचा अर्थ असा होतो की हा परिच्छेद कुठेही असो, तो नव्या पानावरच सुरू होईल. कापण्याची खूण आता मजकुराच्या शेवटी लोंबकळत नाही, ती शीर्षकाच्या अंगातच मुरलेली असते, आणि शीर्षकाची प्रत निघाली की तीही आपोआप सोबत जाते. हा गुण परिच्छेदाच्या शेवटच्या त्या उलट्या ‘पी’च्या चिन्हात साठवलेला असतो, म्हणून निवड करताना ते चिन्ह सुटता कामा नये.

तक्त्याच्या बाबतीत वर्डचा एक हट्ट लक्षात ठेवावा लागतो. फाइलच्या अखेरीस तक्ता असेल तर त्याच्याखाली एक परिच्छेद राहतोच. तो कितीही पुसला तरी जात नाही. तक्ता पानाच्या तळापर्यंत पोहोचलेला असेल तर हा सक्तीचा परिच्छेद पुढच्या पानावर पडतो आणि आपण डोके धरून बसतो. काही जण त्याचा अक्षराकार एक पॉइंट करून, ओळींमधील अंतरही नेमके एक पॉइंट ठेवून तो जवळजवळ अदृश्य करतात. आपल्या पत्रकात त्याहून सोपा मार्ग आहे: सह्यांची ओळ तक्त्यातील शेवटच्या आडव्या ओळीत न ठेवता या सक्तीच्या परिच्छेदातच लिहावी. जी जागा वर्ड तशीही सोडणार आहे, ती कामाला लागते आणि रिकामा परिच्छेद शिल्लकच राहत नाही.

त्यानंतर उंचीचा हिशोब. ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर असते. वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर समास सोडले तर २५.७ सेंटिमीटर उरतात. एकतीस दिवस आणि रकान्यांच्या नावांची एक, अशा बत्तीस ओळी प्रत्येकी ०.७ सेंटिमीटरच्या धरल्या तर तक्ता २२.४ सेंटिमीटर घेतो, आणि शीर्षक, नाव व सह्या यांच्यासाठी ३.३ सेंटिमीटर राहतात. एवढ्यात काम भागते, पण चैन करता येत नाही. म्हणून तक्त्याच्या गुणधर्मांत जाऊन ओळींची उंची ‘अॅट लीस्ट’ ऐवजी ‘एक्झॅक्टली’ ठेवावी, म्हणजे एखाद्या चौकटीत लांब मजकूर आला तरी ओळ फुगणार नाही. येथे मराठीसाठी एक सावधगिरी आवश्यक आहे: परिच्छेदाचे ओळींमधील अंतर मात्र ‘एक्झॅक्टली’ करून फार आवळू नये, कारण मग वेलांटीचा माथा आणि रफार कापले जातात व ‘कार्य’ हा शब्द ‘काय’ असा छापला जातो. इंग्रजी अक्षरांवर बेतलेले नमुने आपण जसेच्या तसे वापरतो तेव्हा हा घोळ हमखास होतो. तक्त्याच्या त्याच चौकटीत ओळ दोन पानांत तुटू देण्याची जी खूण असते, तीही काढून टाकावी.

कारखान्याचे नाव, पत्ता आणि महिना या गोष्टी प्रत्येक पानावर सारख्याच असणार; त्या मजकुरात न ठेवता हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या समासातील राखीव जागेत, न्याव्यात. हेडर एकदाच लिहिले जाते आणि पुढच्या सर्व पानांवर आपोआप उमटते, त्यामुळे त्याची प्रत काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय पुढच्या महिन्यात महिन्याचे नाव एकाच जागी बदलले की चौसष्ट पानांवर बदलते. बोधचिन्हही तेथेच ठेवावे. मजकुरात तरंगते चित्र ठेवले असेल तर ते नेहमी कुठल्यातरी परिच्छेदाला नांगरलेले असते, आणि तो परिच्छेद निवडीत आला नाही तर चित्र मागेच राहते. चित्र मजकुरातच ठेवणे भाग असेल तर त्याची मांडणी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ करावी, म्हणजे ते एखाद्या मोठ्या अक्षरासारखे वागते.

आता प्रत्यक्ष प्रती काढणे हे दोन मिनिटांचे काम उरते. फाइलमध्ये हे एकच पान असताना कंट्रोल-ए ने सर्व निवडावे, कंट्रोल-सी दाबावे, कंट्रोल-एंड ने शेवटी जावे, एकदा एंटर मारावा आणि कंट्रोल-व्ही दाबावे. पाने दोन होतील. शेवटी एखादा रिकामा परिच्छेद जास्तीचा उरला असेल तर बॅकस्पेसने पुसावा. मग पुन्हा कंट्रोल-ए पासून तीच कृती करावी. आता दोनाची चार होतील. चाराची आठ, आठाची सोळा, सोळाची बत्तीस आणि बत्तिसाची चौसष्ट, म्हणजे त्रेसष्ट वेळा चिकटवण्याऐवजी केवळ सहा फेऱ्यांत काम संपते. आपल्या कामगारांची संख्या योगायोगाने दुपटीच्या पाढ्यात बसते. ती साठ असती तरी चौसष्ट करून शेवटची चार पाने पुसणे हेच झटपट ठरले असते. दुसऱ्या फेरीनंतर थांबून चारही पाने डोळ्यांखालून घालावीत, कारण तेथे राहिलेली चूक सहाव्या फेरीअखेर सोळापट झालेली असते.

फाइल मोठी असेल आणि तिच्यातील मधल्याच एका पानाची प्रत हवी असेल, तर माउसने ओढत निवड करण्याच्या भानगडीत पडू नये. त्या पानावर कुठेही टिचकी मारून कंट्रोल-जी दाबावे, उघडलेल्या चौकटीत पानाच्या क्रमांकाच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि तिला लागूनच इंग्रजी लिपीत ‘पेज’ हा शब्द टंकित करून एंटर दाबावे. ते संपूर्ण पान निवडले जाते; चौकट बंद करून कॉपी करावी. हा वर्डमध्ये आधीपासून असलेला पण फारसा कोणाला ठाऊक नसलेला बुकमार्क आहे. पानांना शीर्षकशैली दिलेली असेल तर डावीकडच्या नेव्हिगेशन पट्टीत त्या शीर्षकावर उजवी कळ दाबून शीर्षक व त्याखालचा मजकूर एकदम निवडता येतो. त्याच पट्टीत पानांची छोटी चित्रेही दिसतात, पण ती केवळ पाहण्यासाठी असतात. ती ओढता, पुसता किंवा त्यांची प्रत काढता येत नाही.

एखादे पान आडवे असेल, त्याचे समास निराळे असतील किंवा त्यावरचे हेडर वेगळे असेल, तर मात्र प्रकरण सेक्शनवर, म्हणजे फाइलच्या स्वतःची वेगळी पानमांडणी असलेल्या भागावर, जाते. कागदाची दिशा, समास, पानाची चौकट आणि हेडर या गोष्टी सेक्शनच्या मालकीच्या असतात, आणि त्या सेक्शनच्या आरंभी नव्हे तर शेवटी असलेल्या सेक्शनतोडीत साठवलेल्या असतात. फाइलच्या शेवटच्या सेक्शनला अशी तोड नसते. त्याचा सगळा बाडबिस्तरा फाइलच्या अखेरच्या परिच्छेदचिन्हात असतो. त्यामुळे शेवटच्या आडव्या पानाची प्रत काढायची असेल तर आधी त्याच्या अखेरीस लेआउट टॅबवरून ‘नेक्स्ट पेज’ प्रकारची सेक्शनतोड घालावी आणि ती तोड धरूनच निवड करावी. ती सुटली तर मजकूर जातो, पण उभ्या पानावर जाऊन पडतो. याच कारणाने सेक्शनतोड पुसताना जपावे लागते: ती पुसली की तिच्या वरचा मजकूर खालच्या सेक्शनचे रूप घेतो. लोकांना नेमके याच्या उलट वाटते.

चिकटवल्यानंतर जो छोटा पर्यायांचा चौकोन दिसतो, त्यात मूळ स्वरूप राखण्याचा पर्याय निवडावा. ‘केवळ मजकूर’ हा पर्याय मराठी फाइलींसाठी विशेष घातक आहे, कारण आपल्याकडील अनेक कचेऱ्यांत अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधील फाइली आहेत. तेथे पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, आणि फॉन्टचा पेहराव उतरताच अर्थहीन रोमन अक्षरांचा सडा पडतो. आपण नव्याने पत्रक करत असाल तर ते युनिकोडमध्येच करावे, कारण त्यात प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत असतात. सोलापुरात हे आणखी एका कारणाने सोयीचे आहे: येथील कारखान्यांत तेलुगू आणि कन्नड बोलणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत, काहींना आपले नाव आपल्या लिपीत पाहायला आवडते, आणि विंडोजसोबत येणाऱ्या निर्मला यूआय या फॉन्टमध्ये देवनागरी, तेलुगू व कन्नड या तिन्ही लिप्या असल्याने एकाच पानावर त्या नांदू शकतात. मंगल फॉन्टमध्ये ही सोय नाही.

तक्त्यातील अनुक्रमांक आपोआप येणारे असतील तर दुसऱ्या पानावर ते बत्तीसपासून सुरू होतील. दिनांक हाताने टंकित करणे अधिक बरे, अन्यथा चौसष्ट ठिकाणी उजवी कळ दाबून क्रम पुन्हा एकपासून सुरू करावा लागेल.

हे सर्व सांगून झाल्यावर माझे प्रामाणिक मत नोंदवतो: कामगारांची नावे, टोकन क्रमांक आणि मजुरीचे दर एक्सेलमध्ये आधीच असतील, आणि वेतनाच्या हिशोबासाठी ते असणारच, तर चौसष्ट नावे पुन्हा टंकित करण्यात अर्थ नाही. मूळ पान एकच ठेवावे आणि मेलिंग्ज टॅबवरून मेल मर्ज करावे, म्हणजे यादीतील माहिती त्या पानाच्या प्रतींत आपोआप भरून घ्यावी. तेथे ‘लेटर्स’ हा प्रकार निवडून एक्सेलची फाइल जोडावी, नावाच्या जागी नावाचे आणि टोकनच्या जागी टोकनचे फील्ड, म्हणजे यादीतील माहिती येऊन बसण्याची खूण, घालावे व शेवटी ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ हा पर्याय निवडावा. चौसष्ट नावांसह चौसष्ट पानांची नवी फाइल तयार होते, आणि वर्ड प्रत्येक दोन पानांच्या मधे सेक्शनतोड स्वतःच घालतो. यामुळे एक फरक पडतो: प्रत्येक पान आता स्वतंत्र सेक्शन असते, म्हणून हेडरमधील महिना मर्ज करण्यापूर्वीच मूळ पानात बदलून घ्यावा, नंतर त्याच्या मागे धावू नये. एक्सेलमधील तारखा येथे पुष्कळदा अमेरिकी पद्धतीने, आधी महिना व मग दिवस अशा उतरतात. रुजू झाल्याची तारीख पत्रकात हवी असेल तर एक्सेलमध्ये तो रकाना आधी मजकूर स्वरूपाचा करून तारखा हव्या तशा टंकित कराव्यात. ज्या प्रती सर्वस्वी सारख्या आहेत त्यांच्यासाठी दुपटीची पद्धत, आणि ज्या प्रतीत एकही गोष्ट यादीतून यायची आहे त्यांच्यासाठी मेल मर्ज, अशी विभागणी मी माझ्या कामात करतो.

तिसराही एक प्रसंग असतो: महिन्याच्या मध्यावर नवा कामगार रुजू होतो आणि एकच कोरे पान वाढवायचे असते. त्यासाठी कोरे मूळ पान निवडून आल्ट-एफ३ दाबावे व त्याला ‘पत्रक’ असे नाव देऊन ते क्विक पार्ट, म्हणजे पुन्हा पुन्हा घालता येणारा तयार मजकूर, म्हणून साठवावे. साठवण्याच्या चौकटीत मजकूर स्वतंत्र पानावर घालण्याचा एक पर्याय असतो. शीर्षकाला आपण ‘पेज ब्रेक बिफोर’ दिलेलेच असल्याने तो निवडण्याची गरज नाही, दोन्ही केल्यास कोरे पान येण्याचा संभव असतो. पुढे फाइलमध्ये हवे तेथे, रिकाम्या ओळीवर ते नाव टंकित करून एफ३ दाबले की पान हजर होते.

छपाई कचेरीतच होणार असेल तर आणखी काही करावे लागत नाही. परंतु पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाणार असाल, तर वर्डची फाइल नेऊ नये, पीडीएफ करून न्यावी. त्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल, तर वर्ड मजकूर नव्याने मोजतो आणि आपण मोजूनमापून जुळवलेले ३.३ सेंटिमीटर तेथे पुरत नाहीत. पीडीएफमध्ये पान कायमचे कापलेले असते.

मूळ कोरे पान टेम्प्लेट म्हणून वेगळे जपून ठेवावे आणि दर महिन्याला त्यावरूनच नवी फाइल काढावी. गेल्या महिन्याची भरलेली फाइल पुसून वापरली की कोणाची तरी जुनी उचल नव्या महिन्यात राहून जाते, आणि मग तो कामगार कचेरीच्या दारात उभा असतो. तीस दिवसांच्या महिन्यात किंवा फेब्रुवारीत तक्त्याच्या शेवटच्या ओळी प्रती काढण्यापूर्वीच पुसल्या तरी चालतील. शीर्षक स्वतःच नवे पान मागत असल्याने तक्ता आखूड झाला म्हणून पुढच्या कामगाराचे पत्रक त्याच पानावर चढून येणार नाही.